दिघ्याचं रेल्वे धरण आणि बाबांचा बंद कारखाना

या भागात मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, त्याबद्दल आधीच माफी. अर्धं रेकॉर्डिंग ठाणे-बेलापूर रोडच्या फुटपाथवर उभं राहून केलंय आणि अर्धं घरी पंखा बंद करून. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी आहे तसं.

आज आपण दिघ्याला चालायला जातोय. दिघा म्हटलं की निम्मे लोक बंगालमधला समुद्रकिनारा शोधतात. आपला दिघा नवी मुंबईच्या उत्तर टोकाला आहे. ठाण्याहून वाशी किंवा पनवेलची लोकल पकडली की पहिलं स्टेशन लागतं, दिघा गाव. ट्रान्स हार्बर लाइन २००४ ला सुरू झाली, पण दिघ्याला स्टेशन मिळालं १२ जानेवारी २०२४ ला. त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, त्यामुळे बातम्यांत सेतू पहिल्या पानावर आणि दिघा गाव आतल्या पानावर. जवळपास वीस वर्षं गाड्या इथून धडधडत जायच्या, थांबायच्या नाहीत. इथल्या लोकांना रिक्षाने किंवा बसने ऐरोली नाहीतर कळवा गाठावं लागायचं.

मी स्वतः या रुळावरून रोज ऐरोलीला ऑफिसला जातो. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. काचेची इमारत, चौथा मजला, एसी इतका की मे महिन्यातही जॅकेट. आणि माझे बाबा याच रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांची शिफ्ट ड्युटी होती, फर्स्ट, सेकंड, नाइट. मी सहावीत असताना त्यांनी व्हीआरएस घेतली. "घेतली" हा शब्द आमच्या घरात अजून वादाचा आहे. आई म्हणते घ्यायला लावली.

तर जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, चला, दिघ्याचं धरण बघायला जाऊ. ते म्हणाले, "तिथे काय बघायचंय? आम्ही नाइट संपली की तिथे जायचो." हे मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

स्टेशनमधून बाहेर पडलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. मध्ये जी चिंचोळी पट्टी आहे तिच्यात सगळं कोंबलंय: रेल्वे, ठाणे-बेलापूर रोड, कारखाने, वस्ती, हाय टेन्शन टॉवर. हा भूगोल नीट लक्षात ठेवा. डोंगरावर पडलेलं पाणी नाल्यांतून खाली येतं, ही पट्टी ओलांडतं आणि खाडीला मिळतं. दिघ्याचा सगळा इतिहास त्या वाटेवर घडलाय.

साठच्या दशकाआधी इथे आगरी-कोळ्यांची गावं होती. डोंगराच्या पायथ्याला भातशेती, खाडीकडे खाजण, बांध घालून खारं पाणी अडवलेली शेतं, मिठागरं आणि मासेमारी. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे खाडीपलीकडची ही जमीन उद्योगांसाठी घेतली गेली. कागदोपत्री या पट्ट्याला अजून टीटीसी म्हणतात, ट्रान्स ठाणे क्रीक. म्हणजे नाव ठेवणारा माणूस खाडीच्या अलीकडे, मुंबईच्या बाजूला उभा होता, आणि ही जागा त्याच्यासाठी "पलीकडची" होती. सिडको १९७० ची. म्हणजे नवी मुंबई हे शहर ठरण्याआधी इथे कारखाने ठरले होते. शहर नंतर त्यांच्याभोवती आलं.

बाबांची पिढी हा रोड कंपन्यांच्या नावाने ओळखते. मुकंदचं पोलाद, सीमेन्स, भारत बिजली, पुढे घणसोलीकडे नोसिल. नोसिल म्हणजे नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज. मफतलाल आणि शेल यांचं हे पेट्रोकेमिकल संकुल साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. नाफ्था तापवून फोडायचा आणि त्यातून इथिलीन काढायचं, ज्यापासून पुढे प्लास्टिक बनतं. देशात तेव्हा असे प्लांट बोटांवर मोजण्याइतके होते. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात पितळेची कळशी जाऊन प्लास्टिकची बादली आली, त्यामागे या रोडचा बराच हात आहे.

पुढे काय झालं ते बाबांनी मला चालता चालता एका वाक्यात सांगितलं: "नव्वदनंतर बाहेरचा माल स्वस्त पडायला लागला." ते बरोबरच आहे. १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेलं. इथले प्लांट लहान क्षमतेचे, तंत्रज्ञान जुनं, आणि तोवर देशातच इतर ठिकाणी अनेक पटींनी मोठे प्लांट उभे राहिले होते. शिवाय मुंबईला खेटून असलेल्या या जमिनीचा भाव इतका वाढला की जमीन हेच सगळ्यात फायद्याचं उत्पादन ठरलं. एकेक गेट बंद झालं, काही ठिकाणी आयटी पार्क आले, डेटा सेंटर आली, गोदामं आली. सगळंच बंद पडलं असं अजिबात नाही. टीटीसीत आजही हजारो लोक शिफ्टला जातात. म्हणून "माजी औद्योगिक भाग" म्हणताना मला जरा अडखळायला होतं.

पण स्टॉपची नावं बघा. बसमध्ये आजही कंडक्टर "नोसिल नाका" म्हणतो, "भारत बिजली" म्हणतो, "पटनी" म्हणतो. पटनी कंपनी तर माझ्याच क्षेत्रातली, ती विकली गेली, नाव बदललं, ते नाव पुन्हा बदललं, पण रिक्षावाल्यासाठी तो चौक पटनीच. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये असं होतं. फंक्शन कधीच मरतं, पण नाव सगळीकडून हाक मारली जाते म्हणून कोणी ते काढत नाही.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तेव्हा बसमध्ये झोप लागली तरी स्टॉप चुकायचा नाही, वासावरून कळायचं. इथे आंबूस, पुढे सडक्या अंड्यासारखा, त्यापुढे गोडसर. मी म्हटलं, गोडसर म्हणजे कसला? ते म्हणाले, "तो सगळ्यात वाईट."

(इथे रेकॉर्डिंगमध्ये ट्रकने आमचं पुढचं वाक्य खाल्लंय.)

मेन रोड सोडून डोंगराच्या बाजूला वळलं की काही मिनिटांतच हिरवं दिसायला लागतं. ही अधिकृत "नेचर ट्रेल" नाही बरं का. पाटी नाही, नकाशा नाही, क्यूआर कोड तर नाहीच. एमआयडीसीचा रस्ता, बंद कंपन्यांच्या भिंती, मग वस्ती, मग डोंगर. पण झाडं वाचायची सवय असेल तर इथे इतिहास लिहिलेला दिसतो. कंपाउंडच्या आत रांगेत उभे असलेले सोनमोहर आणि गुलमोहर हे कंपनीने लावलेले, त्यांच्यातलं अंतर अजून सारखं आहे. भिंतीच्या फटीतून आलेला पिंपळ कंपनी गेल्यानंतरचा. मोकळ्या प्लॉटवर माजलेली सुबाभूळ आणि घाणेरी दोन्ही अमेरिकेकडून आलेल्या, त्यांना कुठलीही खराब जमीन चालते. आणि वर डोंगराला गेल्यावर पळस, ऐन, करंज दिसायला लागतात, ते इथले मूळचे. एका तुटक्या गेटवर वेडा राघू बसला होता. उडायचा, हवेतच माशी पकडायचा आणि पुन्हा त्याच गजावर. बाबा त्या गेटकडे बराच वेळ बघत होते, पक्ष्याकडे नव्हे.

आता इलठणपाडा. इथे थोडं थांबू, कारण यासाठीच आलो.

पाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक धरण आहे. दगडी बांध, मागे पाणी, त्यामागे हिरवा डोंगर. रविवारी सकाळी पाणी इतकं शांत होतं की ठाणे स्टेशन इथून दोन-चार किलोमीटरवर आहे यावर विश्वास बसत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चला, कारखान्यांच्या गदारोळात निसर्गाचा एक तुकडा वाचला.

पण हा तुकडा वाचलेला नाही, हा बनवलेला आहे. या सगळ्या परिसरात दिसणारं सगळ्यात जुनं औद्योगिक बांधकाम हेच. हे धरण इंग्रजांच्या काळातल्या रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला. मालकी आजही मध्य रेल्वेकडेच आहे.

आपण वाफेच्या इंजिनाचं चित्र काढताना कोळसा काढतो, धूर काढतो. पाणी विसरतो. इंजिन कोळशाच्या कितीतरी पट वजनाचं पाणी पितं, कारण वाफ सिलिंडरमध्ये काम करून धुराड्यातून बाहेर फेकली जाते, परत येत नाही. म्हणून ठरावीक अंतरावर पाणी लागणारच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं लावून. १ मे १८५४ ला लाइन खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेली, पारसिकच्या उत्तर टोकाला वळसा घालून. १९१६ मध्ये त्याच डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा झाला, ज्यातून २०२२ पर्यंत तुमची फास्ट लोकल जायची आणि तुमचं नेटवर्क जायचं. गाड्या वाढल्या तशी तहान वाढली.

आता गंमत बघा. ठाण्याला पाण्याची कमतरता नाही, समोर अख्खी खाडी आहे. पण ती खारी. खारं किंवा जड पाणी बॉयलरमध्ये घातलं की आत क्षारांचा थर बसतो, जसा आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो, आणि नळ्या खराब होतात. सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं. आणि पारसिकवर धो धो पाऊस पडतो, खाली काळा बेसॉल्ट आहे, उतार रेल्वेच्या दिशेने आहे. बांध घाला, उंचावर साठवा, उताराने खाली न्या. माझ्या आतल्या बीटेकवाल्याला हे डिझाइन फार आवडलं.

लोणावळ्याचं भुशी डॅम माहीत असेलच, जिथे पावसाळ्यात पायऱ्यांवर बसायला जागा नसते. तेही रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठीच बांधलेलं. म्हणजे आपण ज्याला पिकनिक स्पॉट म्हणतो ती मूळची इंजिनांची पाणपोई. भुशीचं नशीब चांगलं, त्याला भजी-मका मिळाला. दिघ्याला तेवढं भाग्य नाही.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० च्या आसपास वीज पुण्यापर्यंत पोहोचली. वाफेची इंजिनं लगेच गेली नाहीत, पण या मार्गावर त्यांची गरज कमी होत गेली. शेवटी धरण राहिलं, इंजिनं राहिली नाहीत. माणसाने बांधलेली एखादी गोष्ट निरुपयोगी झाली की तिच्याकडे दोन वाटा असतात, ती पाडली जाते किंवा विसरली जाते. धरण पाडता येत नाही, खाली वस्ती असते. म्हणून हे विसरलं गेलं. मधल्या काळात गाळ साचला, काठाला गवत आलं, खंड्या आले, पाणकावळे आले.

आणि आता यातला सगळ्यात बोचणारा भाग. धरणाच्या अगदी खाली इलठणपाडा आहे, घराला घर लागलेली वस्ती. तिथे सकाळी आम्ही गेलो तेव्हा गल्लीत निळे ड्रम आणि हंडे रांगेत होते. या भागाला येणारं एमआयडीसीचं पाणी बदलापूरकडच्या बारवी धरणातून येतं. म्हणजे डोंगराआडच्या दुसऱ्या खोऱ्यातून पाइपाने पाणी इथे येतं, आणि उशाशी असलेलं पाणी नुसतं पडून आहे. महापालिकेने हे धरण वापरायला मिळावं म्हणून रेल्वेकडे मागणी केल्याच्या बातम्या मी लहानपणापासून वाचतोय. मालक रेल्वे, तहान महापालिकेच्या हद्दीत, कारखान्यांची जमीन एमआयडीसीची. तीन खाती, आणि तिघांचं बरोबरच असणार. इंग्रजांच्या काळात हे एकाच खात्याचं काम होतं म्हणून झालं, असं बाबा म्हणाले. मला हे वाक्य अर्धंच पटलं. तेव्हा ज्यांची जमीन आणि ओढा गेला त्यांना कोणी विचारलंही नसणार. पण उरलेलं अर्धं मात्र पटलं.

वस्ती एवढी का वाढली, हाही प्रश्न घ्यायलाच हवा, कारण "अतिक्रमण" हा शब्द आपण फार पटकन वापरतो. कारखाने आले तेव्हा कामगार लागले. सिडकोने पुढे वाशी, नेरूळ, ऐरोलीला आखीव सेक्टर केले, पण कंत्राटी कामगाराच्या पगारात ते कुठे बसणार? तो कामाच्या जवळ, डोंगराच्या पायथ्याला खोली बांधणार. मग खोल्यांच्या चाळी झाल्या, चाळींच्या इमारती झाल्या. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. जमीन एमआयडीसी आणि सिडकोची, घर घेणारे बहुतेक याच पट्ट्यात घाम गाळलेले. काही इमारती पाडल्या गेल्या. बेकायदा ते बेकायदाच, त्यावर वाद नाही. पण मजले चढत होते तेव्हा ते कोणाला दिसत नव्हते असं म्हणणं म्हणजे विनोद आहे. बाबांच्या बॅचच्या एकाने व्हीआरएसचे पैसे अशाच एका इमारतीत घातले होते. त्यांच्याबद्दल मी विचारलं तर बाबा म्हणाले, "गावी गेला." एवढंच.

जर्मनीत डुईसबुर्ग नावाचं शहर आहे. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला आणि १९९४ मध्ये त्याच जागी सार्वजनिक पार्क उघडलं. भट्टी पाडली नाही, लोक आज तिच्यावर चढतात, झाडं रुळांमधून उगवू दिलीत. मला ते फोटो बघून हेवा वाटतो. आपल्याकडेही उदाहरणं आहेत. धारावीजवळ मिठी नदीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं. आपल्या कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यानही जुन्या डम्पिंगच्या जागेवर आहे. पण कचऱ्यावर बाग करणं सोपं, कारण कचऱ्याची आठवण कोणाला ठेवायची नसते. कारखान्याचं तसं नाही. त्याची एखादी चिमणी तरी ठेवायला हवी होती असं मला वाटतं. बाबांना वाटत नाही. ते म्हणाले, "चिमणी ठेवून काय करणार, फोटो?"

उन्हं चढल्यावर आम्ही खाली उतरलो आणि ऐरोलीला खाडीकडे गेलो. चालत नाही, रिक्षाने, बाबांचे गुडघे आता बोलतात. तिथे वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. समोरच्या पाण्यात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, जवळपास १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

आता ऐका, हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. मुंबईत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसायला लागले ते नव्वदच्या दशकापासून. आणि पक्षीअभ्यासक सांगतात की सांडपाण्यामुळे खाडीत पोषकद्रव्यं वाढली, त्यावर शेवाळ वाढलं, आणि ते शेवाळ हे लहान रोहित पक्ष्याचं खाणं. त्यांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. म्हणजे आपण इन्स्टावर टाकतो त्या गुलाबी फोटोत आपल्या गटाराचाही वाटा आहे. याचा अर्थ घाण सोडा असा कोणी काढू नका. शेवाळाला जे चालतं ते निवट्यांना, खेकड्यांना, कालवांना चालतंच असं नाही, आणि कोळ्यांच्या जाळ्यात काय येतं ते त्यांना विचारा. जिताडा आता पूर्वीसारखा मिळत नाही हे खाडीकाठचं कुठलंही घर सांगेल.

तिवरांच्या मुळांशी भरती चढत होती. कांदळवनं तोडायला उच्च न्यायालयाने बंदी घातली आहे, आधी २००५ मध्ये अंतरिम आदेश, मग २०१८ मध्ये अंतिम निकाल. ते आदेश नसते तर हा काठही प्लॉट नंबर टाकून विकला गेला असता, याबद्दल मला शंका नाही.

बाबा कठड्याला टेकून उभे होते. मी विचारलं, नाइट संपल्यावर धरणावर जाऊन काय करायचात? ते म्हणाले, कपडे धुवायचो. डोळे पण. घरी आलो की तुझी आई म्हणायची वास येतो, तू जवळ यायचा नाहीस. म्हणून आधी तिथे जायचो, बरं पाणी होतं ते, मऊ, साबणाला फेस यायचा.

मऊ पाणी. जड नव्हे. बॉयलरवाल्यांनी ज्यासाठी बांध घातला, तेच.

चला, जाणार असाल तर थोडं कामाचं. दिघा गाव स्टेशनवरून सुरू करा, सकाळी लवकर. बूट घाला, पाणी बरोबर ठेवा. वस्तीतून जाताना लोकांच्या दारात मोबाइल रोखू नका, ते प्रदर्शन नाही. धरण रेल्वेच्या मालकीचं आहे, पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात तिथे पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर लांबूनच बघा. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे. आणि तुमच्या घरात कोणी या रोडवर ड्युटी केली असेल तर त्यांना बरोबर घ्या, नाहीतर निदान फोन करून विचारा की त्यांच्या स्टॉपवर कसला वास यायचा. उत्तरं मला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात लावतो. गोडसर वास नक्की कसला होता हे मला अजून कळलेलं नाही.